टॉर्च टेस्टमध्ये 'पॉझिटिव्ह' आलंय, मांजर सोडून देऊ का?

वाचकाचं पत्र (थोडक्यात) :

मॅडम, मी ३१ वर्षांची आहे. पुण्यात फ्लॅटमध्ये राहते. माहेर सांगली जिल्ह्यातलं, शेतकऱ्याचं घर. सध्या दहावा आठवडा चालू आहे. गेल्या वर्षी सातव्या आठवड्यात गर्भपात झाला, त्यामुळे या वेळी जीव आधीच धास्तावलेला. तपासण्यांमध्ये टॉर्च टेस्ट (पोटातल्या बाळाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांची रक्ततपासणी) केली. त्यात टॉक्सोप्लाझ्मा आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह आलं आहे. रिपोर्ट घेताना काउंटरवरच्या मुलानं 'हे मांजरामुळे होतं' असं सांगितलं आणि सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. आमच्याकडे चार वर्षांची चिंगी आहे. ती घराबाहेर जात नाही, पाकिटातलं खाणं खाते. आम्ही शाकाहारी, त्यामुळे हा रोग दुसरीकडून येणार कुठून, असं सासूबाईंचं म्हणणं. मागचं बाळही हिच्यामुळेच गेलं, आता हिला मंडईत सोडून या, हा त्यांचा धोशा. नवरा दोघींच्या मध्ये गप्प. जाऊबाईंना असाच रिपोर्ट आला होता तेव्हा गोळ्यांचा कोर्स दिला होता, त्यातल्या काही शिल्लक आहेत. त्या घेऊ का? डॉक्टरांची पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे. तोवर काय करू? रात्री झोप लागत नाही.

उत्तर :

प्रिय ताई,

तुम्हाला झोप लागत नाही, म्हणून आधी उत्तर देते आणि कारणं मागाहून सांगते. तुमची प्रतिकारशक्ती धडधाकट असेल तर या रिपोर्टमुळे तुमच्या बाळाला धोका नाही. शिल्लक गोळ्या घेऊ नका. चिंगीला कुठेही सोडू नका. आणि मागचं बाळ तिच्यामुळे गेलं, हे मनातून काढून टाका. तीन आठवडे थांबण्याचीही गरज नाही. रिपोर्टचा फोटो आजच डॉक्टरांना पाठवा आणि 'आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह आहे, काही करायचं का?' एवढंच विचारा.

आता कारणं. सासूबाईंना वाचून दाखवता यावं म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

टॉक्सोप्लाझ्मा गोंडी हा एकाच पेशीचा परजीवी. हिवतापाचा परजीवी आणि हा एकाच कुळातले, पण वागणं अगदी वेगळं. हिवताप माणसाला हुडहुडी भरवून आडवा करतो. हा बहुतेकांच्या अंगात कधी शिरला ते कळतही नाही. फार तर मानेत गाठी येतात, चार दिवस कणकण वाटते आणि सर्दी-तापात ते खपून जातं. जगातल्या सुमारे एक तृतीयांश माणसांना तो कधी ना कधी होऊन गेलेला असतो, असा अंदाज आहे.

तो अंगात शिरला की पहिले काही दिवस भराभर वाढतो आणि रक्तातून सगळीकडे फिरतो. बाई गरोदर असेल तर वारेतून बाळापर्यंत पोचायची त्याची खरी संधी याच काळात असते. मग शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते, रक्तातले परजीवी मारले जातात, आणि जे उरतात ते स्नायूंमध्ये आणि मेंदूत बारीक पुटी करून पडून राहतात. तिथे ते जन्मभर राहतात, पण बंदोबस्तात. निरोगी बाईच्या अंगातल्या या जुन्या पुटींपासून तिच्या पोटातल्या बाळाला लागण होत नाही. एचआयव्ही असेल, अवयव-प्रत्यारोपण झालेलं असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर मात्र हा बंदोबस्त ढिला पडू शकतो. तुमच्या बाबतीत असं काही असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. नसेल तर पुढे वाचा.

रिपोर्टमधल्या दोन ओळींचा अर्थ असा. आयजीएम ही लागण झाल्यावर आठवडाभरात तयार होणारी प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढायला शरीरानं बनवलेली प्रथिनं. आयजीजी त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत येतात, वाढतात आणि मग आयुष्यभर रक्तात राहतात. तुमच्यात आयजीजी आहेत आणि आयजीएम नाहीत. म्हणजे लागण होऊन बरेच महिने, बहुधा बरीच वर्षं लोटली आहेत. दहाव्या आठवड्यातच हा रिपोर्ट आला, हे फार बरं झालं, कारण लागण दिवस राहण्याच्या आधीची आहे हे त्यातून स्वच्छ दिसतं. लॅबच्या भाषेत 'पॉझिटिव्ह' हा शब्द ठळक अक्षरात, कधी लाल रंगात छापतात, तो बघून पोटात गोळा येणारच. पण टॉक्सोप्लाझ्माच्या बाबतीत गरोदर बाईला मिळू शकणारा हा सगळ्यात चांगला रिपोर्ट आहे. ज्यांचं दोन्ही निगेटिव्ह येतं त्यांना उरलेले सगळे महिने जपावं लागतं. तुमचं संरक्षण आधीच झालेलं आहे.

आयजीजीच्या पुढे एक आकडा असेल. तो मोठा दिसला म्हणून रोग जास्त, असं नसतं. तो लॅबच्या किटप्रमाणे बदलतो. आकडा 'उतरला का' हे बघायला दर महिन्याला टेस्ट करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. हजारो रुपये जातात आणि हातात काहीच पडत नाही. तुम्ही ही टेस्ट पुन्हा करू नका.

गोळ्यांबद्दल जरा कडक बोलते. जाऊबाईंना काय दिलं होतं ते तुम्ही लिहिलं नाही. गरोदरपणात ताजी लागण झाल्याचा संशय असेल तर स्पायरामायसिन देतात, परजीवी वारेतून पलीकडे जाऊ नये म्हणून. बाळापर्यंत लागण पोचल्याचं पक्कं झालं तर पुढच्या महिन्यांत पायरिमेथामिन आणि सल्फाडायझिन देतात, सोबत फोलिनिक आम्ल. यातलं पायरिमेथामिन शरीरातल्या फोलेटच्या (फॉलिक अ‍ॅसिड हे त्याचंच एक रूप) कामात अडथळा आणतं, म्हणून पहिल्या तिमाहीत ते टाळतात. तुम्ही दहाव्या आठवड्यात आहात. बाळाच्या मणक्यासाठी आणि मेंदूसाठी तुम्हाला रोज फॉलिक अ‍ॅसिडची गोळी देतात, आणि डब्यातली ती शिल्लक गोळी नेमकी त्याच्या उलट काम करणारी असू शकते. ती पाकिटं आजच घरातून काढून टाका. जुन्या लागणीला कोर्स लागत नाही.

आता मागच्या वर्षीचं. हे लिहिताना मला तुमच्याइतकीच सासूबाईंचीही आठवण येते आहे, कारण त्यांचंही नातवंड गेलं आणि त्यांनाही कुणीतरी दोषी हवं आहे. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी साधारण निम्मे गुणसूत्रांतल्या चुकांमुळे होतात. गर्भ तयार होतानाच ती चूक झालेली असते. त्यात आईनं काय खाल्लं, काय उचललं, घरात कोण प्राणी होता, याचा काही संबंध नसतो. जुन्या टॉक्सोप्लाझ्मामुळे गर्भपात होत नाहीत. पुन्हापुन्हा गर्भपात होणाऱ्या बायकांमध्ये टॉर्च टेस्ट करून कारण सापडत नाही, असं ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स या संस्थेनंही सांगितलेलं आहे. आपल्याकडे मात्र गर्भपात झाला की टॉर्च लिहून देण्याची सवय अजून सुटलेली नाही, आणि तिच्यातून हा असा घराघरांतला कलह उभा राहतो. मला याचं फार वाईट वाटतं.

'आम्ही शाकाहारी, मग आलं कुठून?' हा सासूबाईंचा प्रश्न मात्र अगदी योग्य आहे. शास्त्रज्ञांनाही तो पडला होता, आणि त्याच्या उत्तरात मुंबईचा वाटा आहे.

हा परजीवी सापडला १९०८ साली, ट्युनिसच्या पाश्चर संस्थेत, गोंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात. तो आईकडून पोटातल्या बाळाला जातो हे न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९३९ मध्ये सिद्ध केलं. पण आईला तो कुठून येतो हे कोडं पुढे कितीतरी वर्षं सुटलं नाही. अर्धंकच्चं मांस हे एक कारण असावं असा संशय होता, आणि १९६५ मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज देमोंत यांनी एका सॅनेटोरियममधल्या मुलांच्या रक्तावरून तो खरा ठरवला. तिथे मुलांना पौष्टिक म्हणून कमी शिजवलेलं मांस देत, आणि तिथे राहायला आलेल्या मुलांमध्ये प्रतिपिंडं झपाट्यानं तयार होत होती. पण त्याच्याही आधी, १९५९ मध्ये, मुंबईत शाकाहारी आणि मांसाहारी लोकांचं रक्त तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. दोन्ही गटांत लागणीचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं! म्हणजे मांसाखेरीज दुसरी काहीतरी वाट असलीच पाहिजे. ती १९७० च्या सुमारास सापडली. ज्यांनी ती शोधली त्यांच्यात अमेरिकेत काम करणारे जे. के. फ्रेंकेल आणि भारतात जन्मून इथेच पशुवैद्यक शिकलेले जे. पी. दुबे होते. मांजराच्या विष्ठेतून या परजीवीचे कोष बाहेर पडतात, मातीत मिसळतात, आणि मातीतून भाजीला, पाण्याला, हातांना लागतात. पॅसिफिक महासागरातल्या ज्या बेटांवर मांजरंच नव्हती तिथल्या लोकांच्या रक्तात या परजीवीची खूण जवळपास नव्हतीच, हेही त्याच सुमारास दिसलं.

म्हणजे सासूबाईंचं अर्धं खरं आहे. मूळ मांजरापाशीच जातं. पण ते कुठलं मांजर आणि कधीचं, हे बघा. तुमचं माहेर शेतकऱ्याचं. गोठा असेल, धान्याची कणगी असेल, तिथे उंदीर मारणारी मांजरं असतील. लहानपणी गाजर, मुळा उपटून फ्रॉकला पुसून खाल्लाच असेल. भुईमुगाच्या ओल्या शेंगा दातांनीच फोडल्या असतील. पावसाळ्यात चिखलात खेळून तेच हात तोंडात गेले असतील. ओलसर मातीत हे कोष वर्षभर, कधी त्याहून जास्त टिकतात. तुम्हाला लागण झाली ती बहुधा त्या वयात, चिंगीचा जन्मही झाला नव्हता तेव्हा.

आता चिंगीचंच बघू. हा परजीवी फक्त मांजरांच्या कुळात, म्हणजे घरच्या मांजरापासून वाघ-बिबट्यापर्यंत, आतड्यात लैंगिक पद्धतीनं वाढून कोष तयार करू शकतो. बाकी कुठल्याही प्राण्यात, माणसातही, त्याला ते जमत नाही. असं का, हे २०१९ मध्ये उलगडलं. लिनोलेइक आम्ल नावाची चरबी तोडणारं एक एन्झाइम बाकी प्राण्यांच्या आतड्यात काम करतं. मांजराच्या आतड्यात ते करत नाही, म्हणून ती चरबी तिथे साठते आणि परजीवीला नेमकी तीच हवी असते. शास्त्रज्ञांनी उंदरांमधलं हे एन्झाइम औषधानं बंद पाडलं आणि त्यांना ती चरबी खायला घातली, तर उंदराच्या आतड्यातही कोष तयार झाले. मला हा शोध विलक्षण वाटतो. एवढासा जीव, आणि सगळ्या प्राणिसृष्टीतून त्यानं आपलं घर एका रेणूवरून ओळखलं.

पण मांजराला लागण होते ती सहसा उंदीर, पक्षी किंवा कच्चं मांस खाऊन. पहिल्यांदा लागण झाली की साधारण एक ते तीन आठवडे तिच्या विष्ठेतून कोष पडतात, तेही लाखोंनी. मग थांबतात, आणि सहसा आयुष्यात पुन्हा पडत नाहीत. म्हणून जोखीम असते ती नुकती शिकारीला लागलेल्या पिल्लांची. पाकिटातलं खाणारी, फ्लॅटच्या बाहेर न जाणारी चार वर्षांची चिंगी एक तर कधी बाधित झालेली नाही, किंवा पिल्लू असतानाच होऊन गेलेली आहे. आणि समजा या आठवड्यात ती कोष टाकत असती, तरी तुम्हाला संरक्षण आहेच.

शेजारणी सांगतील की मांजराचे केस पोटात जातात. केसांनी टॉक्सोप्लाझ्मा होत नाही. विष्ठेतून ताजे पडलेले कोष लागण करू शकत नाहीत. हवेत एक ते पाच दिवस राहून ते 'पिकावे' लागतात, आणि मांजर स्वतःला दिवसभर चाटत असतं, तिच्या अंगावर काही एवढा वेळ टिकत नाही. तिला मांडीवर घेतल्यानं, कुरवाळल्यानं, तिच्याशेजारी झोपल्यानं हा रोग होत नाही. २००० साली युरोपातल्या सहा शहरांत गरोदर बायकांचा मोठा अभ्यास झाला. त्यात लागणीचं सगळ्यात मोठं कारण अर्धंकच्चं मांस निघालं, त्याखालोखाल मातीशी संबंध. घरात मांजर असणं हे जोखमीचं कारण ठरलं नाही.

आता तिला पिशवीत भरून मंडईत सोडण्याबद्दल. चार वर्षं घरात वाढलेलं मांजर तिथे कुत्र्यांच्या आणि गाड्यांच्या तोंडी जाईल, ते अन्न शोधायला उंदीर खाईल, आणि मग खरोखर बाधित होऊन भाजीच्या ढिगाशेजारी कोष टाकत फिरेल. पाळलेल्या प्राण्याला उपासमार होईल असं टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हाही आहे. हे भांडणात वापरण्यासाठी सांगत नाही. नवऱ्यानं ते शांतपणे आईला सांगावं.

हो, नवऱ्यानं. आता गप्प राहण्याचे दिवस संपले, हे त्यांना माझ्या नावानं सांगा. त्यांच्यासाठी एक ठरलेलं काम आहे. चिंगीचा ट्रे रोज, न चुकता, चोवीस तासांच्या आत त्यांनीच साफ करायचा. कोष पिकायच्या आतच बाहेर गेले की विषय मिटतो. घाण पिशवीत बांधून कचऱ्यात टाकायची, बागेत किंवा कुंडीत नाही. ट्रे उकळत्या पाण्यानं धुवायचा. फिनाइल वापरायचं नाही. एक तर या कोषांचं कवच इतकं चिवट असतं की फिनाइल आणि ब्लीचिंगला ते दाद देत नाही, आणि दुसरं, फिनाइल मांजरांना विषारी असतं. उकळतं पाणी मात्र कोष मारतं. तुम्हाला संरक्षण असूनही हे काम त्यांनीच करावं असं मी म्हणते, कारण गरोदरपणात विष्ठेतून येणाऱ्या बाकीच्या जंतूंपासूनही दूर राहिलेलं बरं. आणि खरं सांगायचं तर त्या घरात तुमच्या बाजूनं कुणीतरी रोज काहीतरी करताना दिसायला हवं.

चिंगीबद्दल खरोखर काळजी घ्यायची ती रेबीजची. तिची लस दर वर्षी होते का ते बघा, आणि झाली नसेल तर या आठवड्यात पशुवैद्याकडे न्या, जंताचं औषधही द्या. ती चावली किंवा ओरखडा उठला, रक्त आलं नसलं तरी, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि सरळ दवाखाना गाठा. रेबीजची लस गरोदरपणात घेता येते. ती टाळू नका.

स्वयंपाकघराचं थोडं सांगते, कारण या सदराच्या वाचकांत अशा कितीतरी जणी असतील ज्यांचं आयजीजी निगेटिव्ह आहे. त्यांच्यासाठी हे सगळ्यात महत्त्वाचं. पालेभाजी धुताना आधी मुळं कापून टाका. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन भाजी त्यात बुडवून हलवा, दोन मिनिटं थांबा, आणि मग भाजी हातानं वर उचलून घ्या. पातेल्यातलं पाणी भाजीसकट चाळणीवर ओतू नका. ओतलं की तळाला बसलेली माती परत भाजीवरच येते. तळाशी कचकच लागायची थांबेपर्यंत पाणी बदलत राहा. मेथी, शेपू शिजतात, त्यांची फारशी भीती नाही. कच्ची जाते ती कोथिंबीर, पुदिना, कांद्याची पात, मुळ्याचा पाला. त्यांच्यावर जास्त मेहनत घ्या. गाजर, मुळा, बीट नळाखाली घासून, साल काढून कोशिंबिरीत घाला. स्ट्रॉबेरी जमिनीलगत वाढते, ती नीट धुवा. मीठ किंवा पोटॅशियम परमँगनेट घातलं म्हणून कोष मरतील या भरवशावर राहू नका. ते मरत नाहीत, धुऊन निघून जातात, म्हणून वाहतं पाणी आणि हातानं चोळणं हेच उपाय. बाहेरच्या पाणीपुरीचं हिरवं पाणी या दिवसांत नको.

पिण्याचं पाणी उकळून प्या. क्लोरीननं हे कोष मरत नाहीत. २००४-०५ च्या सुमारास कोइमतूरमध्ये अडीचशेच्या जवळपास माणसांच्या डोळ्यांत या परजीवीची लागण सापडली, आणि बोट दाखवलं गेलं ते शहराच्या नळाच्या पाण्याकडे. मांस खाणाऱ्यांनी ते पूर्ण शिजवूनच खावं. आपल्या रस्स्यातलं मटण कुकरला शिट्ट्या देऊन शिजतं, त्यात पुटी जगत नाहीत. धोका असतो तो तव्यावर वरच्यावर परतलेल्या कलेजीत, आत गुलाबी राहिलेल्या कबाबात आणि कच्चा खिमा मीठ बघायला जिभेला लावण्यात. शेळीचं दूध न तापवता पिऊ नका. कुंड्यांच्या मातीत हात घालायचा तर हातमोजे घाला. तुळशीला पाणी घालायला काहीच हरकत नाही.

ताई, यातलं बरंचसं तुम्हालाही लागू आहे, टॉक्सोप्लाझ्मासाठी नसलं तरी टायफॉइड आणि काविळीसाठी. काविळीचा ई प्रकार दूषित पाण्यातून येतो आणि गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकतो. पाण्याबाबत म्हणून मी हट्टानं सांगते.

ज्यांचं आयजीएम पॉझिटिव्ह आलं आहे अशा वाचकांनाही दोन शब्द, कारण त्यांची पत्रं या पत्राहून जास्त घाबरलेली असतात. आयजीएम काही जणींत लागणीनंतर वर्षभर, त्याहूनही जास्त काळ रेंगाळतं, आणि कधी खोटंच पॉझिटिव्ह येतं. नुसत्या आयजीएम किटच्या निकालावर विसंबून निर्णय घेऊ नका, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९९७ मध्येच डॉक्टरांना दिला होता. त्या एका कागदावर गर्भपाताचा निर्णय कधीही घेऊ नका. पुढची पायरी म्हणजे चांगल्या लॅबमधून आयजीजी अ‍ॅव्हिडिटी टेस्ट. आयजीजी परजीवीला किती घट्ट चिकटतात ते ती मोजते; लागण जुनी असेल तर पकड घट्ट असते. पहिल्या सोळा आठवड्यांत अ‍ॅव्हिडिटी जास्त निघाली तर लागण गरोदरपणाच्या आधीची, असं समजतात. ताजी लागण खरीच निघाली, तरी प्रत्येक बाळापर्यंत ती पोचत नाही. पहिल्या तिमाहीत शंभरातल्या दहा-पंधरा बाळांपर्यंत पोचते, पण पोचली तर इजा मोठी असते, डोक्यात पाणी साठणं, मेंदूत चुना धरणं, दृष्टिपटलावर व्रण. शेवटच्या तिमाहीत साठ-सत्तरांपर्यंत पोचते, पण जन्मतः बहुतेक बाळं ठणठणीत दिसतात, मात्र पुढे डोळ्यांवर लक्ष ठेवावं लागतं. औषधं आहेत, गर्भजलाची तपासणी आहे, सोनोग्राफी आहे. अनुभवी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा.

सासूबाईंना पुढच्या तारखेला सोबत न्या. त्यांना बाहेर बाकावर बसवू नका, आत न्या, आणि 'मांजर ठेवलं तर चालेल का?' हा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या. काउंटरवरच्या मुलाचं वाक्य त्यांच्या मनात रुतलंय, ते सुनेच्या सांगण्यानं निघायचं नाही. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं तर निघेल. सोनोग्राफीत ठोके ऐकायची संधी असेल तर ते त्यांनाही ऐकू द्या.

एक गोष्ट आत्ताच लिहून फाइलला लावून ठेवा. तुमची आयजीजी प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात. बाळ झाल्यावर कुणी त्याची टॉर्च टेस्ट केली, तर त्याचंही टॉक्सोप्लाझ्मा आयजीजी पॉझिटिव्ह येईल. ती तुमचीच प्रतिपिंडं असतात, हळूहळू कमी होतात आणि साधारण वर्षभरात नाहीशी होतात. तेव्हा बालरोगतज्ज्ञांना तुमचा हा दहाव्या आठवड्याचा रिपोर्ट दाखवा.